जंक्शनचा मान

दौंडच्या फलाटावर संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त रेल्वेवाल्यांचा हल्ली एकच विषय असतो, कॉर्ड लाइन. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडात आली की इंजिन सुटायचं, मागच्या टोकाला जाऊन लागायचं आणि गाडी आली त्याच बाजूला तोंड करून नगरच्या रुळांना लागायची. तोवर फलाटावर चहावाल्यांचा धंदा व्हायचा. आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या गावाबाहेरून परस्पर वळतात. प्रवाशांचा वेळ वाचतो, हे या मंडळींनाही कळतं; जन्म त्यातच गेलाय त्यांचा. तरी कुणीतरी म्हणतंच, "अहो, जंक्शन आहे हे. गाडी थांबलीच पाहिजे."

त्या 'थांबलीच'मधला 'च' माझ्या कानात राहतो. गाडी थांबावी, ही इच्छा झाली. थांबायला हवी, ही मागणी. 'थांबलीच पाहिजे' म्हटलं की समोरचा आपला देणेकरी ठरतो.

शिरूरकरांना या तक्रारीचं हसू येतं. त्यांच्या तालुक्याच्या गावाला रेल्वेच नाही. "तुम्हाला निदान गाडी न थांबल्याचं दुःख तरी आहे," असं तिथले माझे एक स्नेही म्हणतात. पण शिरूरलाही, जुन्या माणसांच्या घोडनदीलाही, थोरपणाची आठवण आहेच. एकेकाळी इथे इंग्रजांची मोठी छावणी होती. कोरेगावच्या लढाईसाठी 31 डिसेंबर 1817च्या रात्री फौज निघाली ती इथूनच. छावणी गेली, गाव राहिलं.

हा 'च' मला पुन्हा भेटला तो पुण्याला रोज अप-डाऊन करणाऱ्या शेजारच्या मुलाच्या तोंडी. डेमूत बसून त्याने मोबाईलवर संडरलंड या इंग्लिश फुटबॉल क्लबवरची मालिका पाहिली आणि महिन्याभरात तो 'आम्ही' म्हणायला लागला. संडरलंड कुठे, दौंड कुठे! पण विचार केला तर फार लांब नाही. जहाजं बांधणारं, कोळसा काढणारं ते गाव. शेवटच्या गोद्या 1988 साली बंद झाल्या, वेअरमथची खाण 1993 साली. त्याच खाणीच्या जागेवर 1997 साली क्लबचं मैदान उभं राहिलं. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं शिल्प आहे. गावाचा धंदा गेला की गावाचं मोठेपण ठेवायला एखादी जागा लागते. तिथे ती क्लब झाली. आमच्याकडे वाफेच्या इंजिनांची शेड होती तोवर आम्हाला अशी जागा शोधावी लागली नव्हती.

हा क्लब सहा वेळा इंग्लंडचा विजेता. सहावं विजेतेपद 1936चं. तो 2017 आणि 2018 अशा लागोपाठ दोन वर्षी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. 2018 सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या श्रेणीतला एक सामना बघायला 46 हजारांवर माणसं आली. त्याच श्रेणीतल्या अॅक्रिंग्टनचं सगळं मैदान पाचेक हजारांचं. मग आमचा मुलगा म्हणणारच, "आम्ही असल्यांशी खेळायचं? आम्ही वर गेलोच पाहिजे." चार हंगाम ते तिथेच राहिले.

घरचं उदाहरण हवं तर गोव्याच्या डेंपोचं आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला हा संघही 2015 साली खालच्या श्रेणीत गेला. कोल्हापुरात तर तालमींचेच फुटबॉल संघ झाले, त्यामुळे तिथे हरतो तो संघ नसतो, अख्खी पेठ असते.

'पाहिजेच' म्हणणाऱ्या या वृत्तीला आपल्याकडे जुना शब्द आहे: वतन. पोळ्याला पहिला बैल पाटलाचा, होळीत पहिली पोळी पाटलाची, लग्नात पहिला विडा कुणाला यावरून हाणामाऱ्या आणि वर्षानुवर्षांचे तंटे. पण वतन फुकटचं नव्हतं. त्याच्या मागे चाकरी होती: वसुली करायची, गाव राखायचं. 1962च्या कायद्याने पाटीलकी गेली. पहिल्या पोळीची आठवण मात्र कुठल्या कायद्याने जायची?

फुटबॉलच्या या वतनदाराला, म्हणजे अशा क्लबाच्या चाहत्याला, नुसता गर्विष्ठ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. तो चाकरी करतो. डिसेंबरच्या थंडीत पदरचे पैसे मोडून पडत्या संघामागे उभा राहतो, आणि हे तो वर्षानुवर्षं करतो. घोटाळा वसुलीत आहे. ही चाकरी त्याने केली आपल्या क्लबाची. देणं मागतो बर्टन आल्बियनसारख्या दुसऱ्या क्लबाकडे. त्या बिचाऱ्यांनी संडरलंडचं काय घेतलंय? उलट एप्रिल 2018मध्ये बर्टनने संडरलंडच्याच मैदानात येऊन संडरलंडला 2–1 हरवलं आणि तिसऱ्या श्रेणीत धाडलं.

शिरूर तालुक्यातल्या एका यात्रेतली कुस्ती आठवते. मोठ्या तालमीचा पैलवान, त्याच्या मागे फेटे बांधलेली शे-दीडशे माणसं. समोर जवळच्याच वाडीवरचं पोर, कानात लाल माती गेलेली. हलगी कडाडत होती. पोराने पट काढला, वरचा पैलवान खाली आला आणि पाठ लागली. आम्ही कडेला होतो, स्वच्छ दिसलं. तरी फेट्यांतून ओरडा उठला, "खांदा लागला नाही! कुस्ती सोडवा!" पंचांनी ऐकलं नाही. रिवाजाप्रमाणे पोरगं हात जोडून आखाड्याभोवती फिरलं. लोक दहा-वीसच्या नोटा हातात देत होते. फेट्यांसमोरून जाताना त्याची चाल जरा मंदावली. बहुतेकांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्याने, त्यांच्यातल्याच, बंडीच्या खिशातून पन्नासची नोट काढली, पोराच्या मुठीत कोंबली आणि पुन्हा आपल्या माणसांत जाऊन "अन्याय झाला" म्हणून ओरडायला लागला. दोन्ही गोष्टी त्याने मनापासून केल्या असं मला वाटतं.

2025च्या मे महिन्यात संडरलंड पुन्हा पहिल्या श्रेणीत पोहोचलं. शेजारच्या पोराने पेढे दिले. "आमची जागाच होती ती," म्हणाला. मी पेढा खाल्ला.

परवा त्याच्याबरोबर सकाळच्या डेमूने पुण्याला निघालो होतो. कॉर्ड लाइनवरून तो तावातावाने बोलत होता. जंक्शनला वळसा घालून गाड्या जातातच कशा, म्हणून. पाटस मागे पडलं. कडेठाणला गाडी थांबली. दुधाची किटली घेऊन एक बाई उतरली, दोघं-तिघं चढले. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि कुरकुरला, "ही गाडी असल्या स्टेशनांवर कशाला थांबवतात कुणास ठाऊक."