कापलेली कड

एखाद्या जुन्या वस्तूत काहीही न मिसळता, तिच्यावर काहीही न चिकटवता, केवळ तिचा झिजलेला भाग अलगद काढून टाकला आणि त्याविषयी मौन पाळले, तर त्यास खोटेपणा म्हणावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु अमेरिकेत पुठ्ठ्याच्या एका लहानशा तुकड्याने तो न्यायालयापर्यंत नेला. ती हकिकत कळल्यापासून हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आपल्याकडच्या मुलांनीही हौसेने जमवली आहेत. अमेरिकेत हा छंद फार जुना आहे. सिगारेटचे पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचे कार्ड घालीत आणि त्यावर बेसबॉलच्या खेळाडूचे रंगीत चित्र छापीत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेली अशी एक मालिका संग्राहकांत ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर या थोर खेळाडूचे कार्ड होते. त्याची छपाई लवकरच थांबली. आपल्या चित्रासाठी मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे वॅग्नरला पटले नाही, असे काही जण सांगतात; खरा वाद पैशांचा होता, असे इतर म्हणतात. कारण काहीही असो, ते कार्ड दुर्मीळ झाले आणि ज्याने आपले चित्र विकू दिले नाही, त्याच्याच चित्राला लाखो डॉलर येऊ लागले.

अशा कार्डांची प्रतवारी करणाऱ्या संस्था आहेत. तेथील परीक्षक भिंगातून कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध बसले आहे की नाही, हे पाहतात. मग १ ते १० यांपैकी एक अंक देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवले जाते. कात्रीने किंवा पात्याने कापलेल्या कार्डास अंक द्यावयाचा नाही, असा या व्यवसायाचा नियम आहे.

१९९१ साली वॅग्नरचे एक अतिशय टवटवीत कार्ड लिलावात ४,५१,००० डॉलरना गेले. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की हा त्याच्या खरेदीदारांपैकी एक होता. पुढे त्या कार्डाला ८ अंक मिळाला आणि २००७ साली त्याची किंमत २८ लाख डॉलरवर पोहोचली. ते कार्ड पूर्वी ज्यांच्या हाती होते, ते लिलाव-व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ साली शिकागोच्या न्यायालयात लिलावांतील फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्याच वेळी, या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही त्यांनी मान्य केले. २०१५ साली त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली.

यावर कुणी म्हणेल, यात बिघडले काय? कार्ड अस्सलच होते. चित्र वॅग्नरचेच, शाई त्या काळचीच. कापल्याने ते अधिक सुबक झाले. ज्यांनी ते विकत घेतले, त्यांना नफाच झाला. मग फसले कोण?

हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही. तरीही आमचे उत्तर असे, की अशा कार्डात दोन गोष्टी विकल्या जात होत्या. एक पुठ्ठा आणि दुसरी एक साक्ष. ‘इतकी वर्षे लोटली, तरी मी असा राहिलो,’ ही ती साक्ष. कड कापल्यावर पुठ्ठा राहिला, साक्ष मात्र खोटी झाली. आणि फसले ते केवळ विकत घेणारे नव्हेत. ज्या संग्राहकाने आपल्या कार्डाचा मळलेला कोपरा तसाच ठेवला आणि मुकाट्याने कमी अंक स्वीकारला, त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत त्या पात्याने कमी केली. उलटपक्षी, २०२२ साली वॅग्नरचेच एक अर्धे फाटलेले कार्ड सुमारे १५ लाख डॉलरना विकले गेले. ते फाटलेले होते हे सर्वांना दिसत होते. म्हणूनच त्या व्यवहारात कुणाला खाली पाहावे लागले नाही.

येथे आम्हांला जेफरसन बर्डिक या गृहस्थाची आठवण होते. ‘टी-२०६’ हे नाव त्याच्याच सूचीतून आले. सिरॅक्यूज येथे साधी नोकरी करणाऱ्या, संधिवाताने जर्जर झालेल्या या माणसाने आपला तीन लाखांहून अधिक छापील चित्रांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. वर्षानुवर्षे तो तेथे जाऊन दुखऱ्या बोटांनी ती कार्डे वह्यांत चिकटवीत असे. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले आणि मार्चमध्ये तो वारला. गोंद लागलेल्या त्या कार्डांना बाजारात फारसा अंक मिळणार नाही. बर्डिकला तो नकोच होता. लोकांनी ती पाहावीत, एवढेच त्याला हवे होते.

हा विचार कार्डांपाशी थांबत नाही. मुलीचे स्थळ पाहताना, घराण्याचा इतिहास सांगताना, नोकरीसाठी अर्ज लिहिताना आपणही हाती पाते घेतो. नापास झालेले वर्ष, मोडलेला साखरपुडा, दारूपायी गेलेला काका हे सारे कडेला असते आणि कापणे सोपे असते. सगळेच सगळ्यांना सांगावे, असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्याची लाज राखण्यासाठी पाळलेले मौन ही माया आहे. पण आपला भाव वाढावा म्हणून पाळलेले मौन वेगळे. त्या मौनाची किंमत कोण भरणार, हे विचारले की दोहोंतला फरक कळतो. आजार लपवून मुलाचे लग्न लावले, तर ती किंमत परक्या घरातून आलेली सून आयुष्यभर भरते.

झिजलेला कोपरा बहुधा कुणा मुलाच्या खिशात झिजलेला असतो. त्याने ते कार्ड पुनःपुन्हा काढून पाहिलेले असते. परीक्षक त्याचे गुण कापील; तो त्याचा व्यवसायच आहे. आपण मात्र एकमेकांना पारखताना, कडा शाबूत आहेत की नाहीत यापेक्षा त्या मूळच्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे, असे आम्हांला वाटते.