आधी बरा हो, मग ये?

बस. आणि मी बोलतोय तोवर तो मोबाइल खिशात ठेव.

तुझ्याच वर्गातला मुलगा तुझ्या जिनिंगच्या फाटकावर काम मागायला आला. तू त्याला सांगितलंस, ‘आधी पूर्ण बरा हो, मग ये.’ वर त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबलीस. लाज नाही वाटली? त्यानं भीक नव्हती मागितली, काम मागितलं होतं. स्किझोफ्रेनिया त्याला आहे, पण अक्कल तुझी गहाण पडली आहे.

दारू पिऊन ट्रक आणणारा ड्रायव्हर तुला चालतो. महिन्याच्या महिन्याला सरकारी दवाखान्यात जाऊन न चुकता गोळ्या घेणारा माणूस चालत नाही! ‘आधी अक्षरं येऊ दे, मग पाटी देतो’ असं मी म्हणालो असतो, तर आज चेकवर अंगठा उठवत बसला असतास.

ही म्हाताऱ्या मास्तरची लहर समजू नकोस. अमेरिकेत डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रमच उलटा केला. आधी खरी, पुऱ्या पगाराची नोकरी. शिकायचं ते त्या जागेवरच. सोबत एक मदतनीस, जो डॉक्टरशीही बोलेल आणि मालकाशीही, आणि चार महिन्यांत पाठ फिरवणार नाही. लंडनपासून सोफियापर्यंत युरोपातल्या सहा शहरांत 312 रुग्णांवर या पद्धतीची परीक्षा झाली. 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. असा आधार मिळालेल्यांपैकी 55 टक्के जणांनी निदान एक दिवस तरी पगारी काम केलं. आधी प्रशिक्षण देणाऱ्या जुन्या पद्धतीत 28 टक्क्यांनी. कामाच्या ताणानं आजार उलटेल म्हणतोस? पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलेलेही आधाराच्या गटातच कमी होते: 20 टक्के, दुसरीकडे 31.

‘ते युरोप, सर. हे यवतमाळ.’ बरं. इथे वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2015 पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या दारात जाऊन मनाची विचारपूस करतात. नंददीप फाउंडेशन रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना उचलून आणतं, उपचार करून घरी पोचवतं. गाडं अडतं ते त्यापुढे. घरी आलेला माणूस दिवसभर ओसरीवर बसून काय करणार? तिथे डॉक्टर पुरा पडत नाही, मालक लागतो. देणगीच्या पावत्या तू भिंतीवर लावतोस. हजेरीपटावर एक नाव चढवताना मात्र हात थरथरतो.

कायदाही ऐकून ठेव. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. वीस किंवा अधिक माणसं कामाला ठेवणाऱ्या खासगी मालकानंही समान संधीचं धोरण लिहायचं असतं, दिव्यांगांना कोणती कामं देता येतील ते त्यात नोंदवायचं असतं. तुझा तो कागद कुठे आहे? दिवाळीनंतर तुझ्याकडे वीस माणसं नुसती कापूस उतरवायलाच असतात.

आता काय करायचं ते सांगतो. कोणतं काम जमेल, हे आधी त्यालाच विचार. यंत्रांचा खडखडाट नको असेल तर काट्यावरच्या नोंदी दे, गाठींवर नंबर टाकायला दे. रात्रीच्या गोळीनं सकाळी अंग जड राहत असेल, तर आठऐवजी दहाला बोलाव. तपासणीच्या दिवशी सुट्टी. सूचना एकानंच द्यायची, दहा जणांनी नाही. त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या आजाराची चर्चा कुणाशी करायची नाही. मजुरी इतरांएवढीच, दयेपोटी एक रुपया जास्त नको आणि आजारापायी एक रुपया कमी नको. मध्ये तब्येत बिघडली, तर जागा राखून ठेवायची. चुकला तर चारचौघांत ओरडायचं नाही. ओरडणं माझं काम, आणि ते मी योग्य माणसावर करतोय.

‘बघतो सर’ हे उत्तर दहावीतही चालत नव्हतं. सोमवारी हजेरीपट घेऊन ये.