चित्रात पाणी कुठून येतं?

युरोपातल्या चित्रकाराला वसंतातलं बागकाम रंगवणं सोपं होतं. थंडी सरली, माती मऊ झाली की माणसं कुदळी घेऊन बाहेर पडत. आपला मातीत हात घालायचा हंगाम मृगाचा. फाल्गुन-चैत्रात पळस-पांगारा फुलतो, बदलापूरच्या जांभळांना फुलोरा येतो, पण कुंडीतल्या झाडाची कसोटी नेमकी याच दिवसांत लागते. ऊन चढत जातं, नळाचं पाणी कमी होतं. या दिवसांतलं आपलं बागकाम म्हणजे झाडं जगवणं.

हा चित्राचा विषय आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तो जागोजागी दिसतो. उल्हासनगर वसलं दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आसरा मिळाला आणि 1949 साली वस्तीला हे नाव मिळालं. आज जेमतेम 13 चौरस किलोमीटरांत, 2011 च्या जनगणनेनुसार, पाच लाखांवर माणसं राहतात. अंगणं गेली तशी तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये आली. तिच्याशेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता, थर्माकोलच्या खोक्यात पुदिना, कापलेल्या तेलाच्या कॅनमध्ये अळू. कुठे शेवग्याचं झाड तग धरून असेल, तर त्याच्या फुलांची भाजी सिंधी घरांत याच दिवसांत होते. आणि रुळांच्या कडेला माठ, पालक, मुळ्याचे वाफे. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत ही मोकळी जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिली. यातले बरेच वाफे नाल्याच्या पाण्यावर पिकत आले, म्हणून या भाजीवर वेळोवेळी आक्षेपही घेतला गेला.

असे वाफे चित्रात याआधीही आले आहेत. कामिय पिसारो या चित्रकाराने 1877 साली पाँत्वाज इथली परसबाग रंगवली. समोर भाजीचे वाफे, मागे वसंतात फुललेली झाडं. पाँत्वाज पॅरिसपासून तीसएक किलोमीटरवर, रेल्वेने जोडलेलं गाव. त्याच्या परसबागांच्या चित्रांवर समीक्षकांनी नाकं मुरडली होती, कोबीचे वाफे कसले रंगवता म्हणून! याच पिसारोने त्या परिसरातल्या कारखान्यांची धुराडीही रंगवली. भाजी आणि धुराडं या दोन्ही गोष्टी त्याला एकाच भूमीच्या वाटल्या, म्हणून तो मला आपल्या या पट्ट्याच्या फार जवळचा वाटतो.

आपल्याकडे जे. जे. स्कूल ऑफ आर्टने 1857 पासून घडवलेली वास्तववादी परंपरा मोठी आहे. चित्रकार धुरंधरांची रेषा, हळदणकरांच्या चित्रातला हातातल्या दिव्याचा चेहऱ्यावर पडलेला उजेड, हे कौशल्य कुणीही नाकारू नये. पण त्या परंपरेने त्वचा, वस्त्र आणि प्रकाश यांच्यावर जेवढा जीव लावला, तेवढा हे सगळं येतं कुठून या प्रश्नावर लावला नाही. ती नजर फार नंतर आली. चित्रकार सुधीर पटवर्धन यांचा पेशा क्ष-किरणतज्ज्ञाचा होता. ठाण्यात राहून, तिथे डॉक्टरकी करत त्यांनी पोखरण रस्त्याचा परिसर, लोअर परळ आणि ‘उल्हासनगर’सुद्धा कॅनव्हासवर आणलं. उपनगरातला साधा माणूस मोठ्या चित्राचा नायक होऊ शकतो, हे त्यांच्यामुळे आता सिद्ध करावं लागत नाही.

तरी कुंडीशी वाकलेल्या बाईचं चित्र काढायला घेतलं की हात चटकन गोडव्याकडे वळतो. हिरवी पानं, कोवळं ऊन, हातात झारी. अशा चित्रात खोटं काही नसतं, पण अर्धंच असतं. तिच्या हातात बहुधा झारी नसतेच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवलेली बादली असते, कारण पिण्याचं पाणी झाडांना घालणं तिला परवडत नाही. त्याच वस्तीमधून वालधुनी वाहते. अंबरनाथजवळच्या डोंगरांतून येणारी ही नदी 1060 सालच्या शिवमंदिराला वळसा घालून पुढे निघते आणि उल्हासनगर ओलांडेपर्यंत सांडपाण्याने, रसायनांनी काळी झालेली असते. दाराशी नदी आणि कुंडीला घालायला पाणी नाही, हे या चित्राचं खरं नाट्य आहे. म्हणून चौकटीत बादली हवी, आणि मागे नाला हवा.

यावर कुणी म्हणेल, हे दैन्याचं प्रदर्शन झालं. मला ते पटत नाही. नाला दाखवल्याने त्या बाईची किंमत कमी होत नाही; एवढ्या अडचणीत तिने मोगरा फुलवला हे कळायला नाला दिसावाच लागतो. उलट नाला वगळला की तिचं काम केवळ छंद ठरतं आणि नदीची जबाबदारी असलेले सगळे सुखाने सुटतात.

या कामाची सुरुवात शाळेत होऊ शकते. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांसाठी स्मरणचित्राचा सराव करताना पिढ्यान् पिढ्या मुलांनी कधीही न पाहिलेल्या बंगल्यापुढचं हिरवळीचं आवार काढलं, टोपीवाला माळी काढला. ‘स्मरण’ या नावाखाली ती दुसऱ्याच कुणाची तरी बाग पाठ करत राहिली. या तीन शहरांतल्या चित्रकला शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे: येत्या चैत्रात मुलांना आपल्याच घराचं ग्रिल, आपल्याच आईची बादली आणि आपल्याच वस्तीचा नाला काढायला सांगा, आणि ती चित्रं नगरपालिकेच्या, महापालिकेच्या इमारतींमध्ये, पाणीपुरवठा खात्याच्या दारासमोर लावा.