उघडं टर्मिनल
वर्ध्यात आमच्या खोलीवर लिनक्सचा एकच कॉम्प्युटर, वापरणारे चौघं. उठताना स्क्रीन लॉक केला की कुणीतरी म्हणतंच, "आमच्यावर भरोसा नाही का बे?"

भरोसा आहे. पण माझ्या मेलमध्ये इतरांचीही गुपितं आहेत. ती उघडी टाकायचा हक्क मला नाही. नुसता लॉकही पुरत नाही. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबलं की दुसरं टर्मिनल येतं. तिथलं लॉगिन तसंच राहिलं असेल, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं. म्हणून आधी तिथून लॉगआउट करायचं.

आणि कुणाचं उघडं सापडलंच तर? जवळच्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. त्यांच्या एकादश व्रतांत अस्तेय आहे, म्हणजे चोरी न करणं. मला त्यात न विचारता वाचणंही येतं. कुलूप राहिलं, म्हणून मुभा मिळत नाही.