सही जुळत नाही

माझी भाची रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकते. म्हणजे ज्या चिंबोरीचा आपण रस्सा करतो, ती ती काचेच्या भांड्यात वाढवते. सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाईलवर एक फोटो माझ्या नाकासमोर धरला. डोकं म्हणजे नुसते डोळे, पाठीवर एक लांब काटा, नाकाच्या जागी दुसरा, मागे शेपूट.

"मामा, ओळख बघू."

"डास?"

"चिंबोरी!"

मग तासभर वर्ग चालला. मादी एका वेळी लाखो अंडी देते. त्यातून निघतो तो हा मिलिमीटरभराचा झोइया. पाचव्यांदा कात टाकली की त्याचा होतो मेगालोपा. त्याला नांग्या येतात, पण शेपूट अजून मागे ताठ. आणखी एक कात टाकली की शेपूट पोटाखाली दुमडतं आणि आपला ओळखीचा खेकडा तिरका चालू लागतो. हे सगळं साधारण महिनाभरात. तोवर पाणी गाळा, खारटपणा मोजा, बारीक जिवंत खाद्य घाला. मेगालोपाला नांग्या आल्या की भावंडं एकमेकांना खातात, म्हणून लपायला जाळीचे तुकडे टाका. (आमच्या घराण्यात वाटणीच्या वेळी जाळी टाकायचं कुणाला सुचलं नाही.)

गंमत अशी की झोइया हे खेकड्याचंच पोर, हे पूर्वी पंडितांनाही माहीत नव्हतं. १८०२ साली बॉस्क नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी त्याला निराळा प्राणी ठरवून नाव दिलं. मेगालोपाचंही तेच झालं. एकच खातेदार आणि तीन नावांनी तीन खाती! शेवटी आयर्लंडात कॉर्कला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी भांड्यात पाणी घेऊन हे प्रकरण तपासलं आणि १८२८ साली छापून टाकलं की झोइया म्हणजे खेकड्याचंच बाळपण. बऱ्याच विद्वानांनी ते लगेच मानलं नाही. कागदावरचं नाव वेगळं होतं ना!

इथे मला जरा ठसका लागला. कारण त्याच आठवड्यात काउंटरवर मी एका आजोबांचा पैसे काढायचा फॉर्म परत केला होता. नमुन्याची सही झोकदार, खाली नागमोडी रेघ. फॉर्मवर मात्र थरथरत्या मुंग्यांची रांग. चार वेळा सही करायला लावली. शेवटी आजोबा शांतपणे म्हणाले, "अहो, तशी सही करणारा आता मलाच कुठे भेटतो?" मग अंगठा घेतला.

मनात आलं, देताना आम्ही विचारतो, तो माणूस तूच कशावरून? आणि वसुलीला जाताना? कर्ज घेणारा जवान गडी म्हातारा झाला, टकला झाला, साधू झाला तरी हप्त्यापुरता तो तोच असतो. तिथे सही कशी पटकन जुळते!

हा विचार मी मोठ्या तात्त्विक थाटात भाचीला ऐकवला, आणि तिथेच फसलो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी फी भरायला एका मित्राकडून मी बाराशे रुपये घेतले होते. त्याने कधी मागितले नाहीत, मीही विषय काढला नाही. तो हडकुळा, घाबरट पोरगा म्हणजे मी नव्हेच, अशी समजूत घालून इतकी वर्षं काढली. झोइयाची उधारी खेकड्याने का फेडावी?

भाचीला म्हटलं, "तुमच्याकडे हे कसं करतात गं? रूप बदललं की नोंद बदलता?"

"छे! पहिल्या दिवशी भांड्यावर आईचा नंबर लिहितो. आत काहीही होवो, चिठ्ठी तीच."

रात्री जुनी डायरी काढली. मित्राचा फोन सापडला, पण तो सहा आकडी. म्हणून रविवारी त्याच्या धाकट्या भावाकडे पत्ता विचारायला जाणार आहे. व्याजाचा हिशोबही करून ठेवलाय. सरळव्याजाने. चक्रवाढीने करून बघायचा धीर झाला नाही.