सर्वव्यापीला दिशा कशाला?

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे आणि त्याच गावात पुढे दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्रही उभं राहिलं. बीड जिल्ह्यातल्या किती तरी छपरांवरचे अँटेने वर्षानुवर्षं त्या एका दिशेला तोंड करून होते. मुकुंदराजांचा शके १११० चा ‘विवेकसिंधु’ मात्र अद्वैताचा ग्रंथ. ब्रह्म नाही अशी जागाच तो मानत नाही. मग परळीच्या वैजनाथापुढे किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढेच हात का जोडायचे, ही निर्गुणवाद्याची जुनी शंका. तिचं उत्तर मला त्या छपरांवर सापडतं. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ साली मांडलेली या अँटेन्याची रचना घरीही जमते: लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमच्या समांतर नळ्या, केबल जोडलेली नळी निम्म्या तरंगलांबीची (हौशी रेडिओच्या १४५ मेगाहर्ट्झला साधारण एक मीटर), मागची जरा लांब, पुढच्या जराशा आखूड. या मागच्यापुढच्या नळ्यांना ना केबल, ना वीज. आलेल्या लहरीने त्यांच्यात प्रवाह खेळतो, त्या लहर पुन्हा सोडतात आणि या लहरींची समोरच्या बाजूने बेरीज, पाठीमागून वजाबाकी होते. अँटेना एका बाजूला तीक्ष्ण होतो तो बाकीच्या बाजूंना जवळजवळ बहिरा होऊनच. पदरची शक्ती तो कणभरही घालत नाही. उपासनेतली एकाग्रताही मला अशीच दिसते. मूर्ती देवात काही वाढवत नाही, भक्ताच्या मनातला गोंगाट तेवढा कमी करते.

यावर खरा आक्षेप असा की लहरीला उगम आहे, अंबाजोगाईला मनोरा आहे. ब्रह्माला कुठला मनोरा? आक्षेप मान्य. म्हणूनच या दाखल्यातून देवाच्या ठिकाणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. दिशेची गरज घेणाऱ्याची आहे, एवढंच त्यातून निघतं, आणि माझा देव इकडेच आहे असं ठणकावणारा आपली मर्यादा देवाच्या माथी मारतो. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. अँटेना चुकला तर पडद्यावर लगेच मुंग्या यायच्या, उपासना चुकल्याचं कोण सांगणार? इथे ताबडतोब दिसणारा पडदा नाही, हे कबूल केलंच पाहिजे. पण संतांनी कसोटी सांगितली आहे: अहंकार उतरला का, दुसऱ्याचं दुःख कळू लागलं का. ती संथ आहे, तिच्यात फसवणुकीलाही वाव आहे, तरी ती अजिबात नाही असं म्हणता येत नाही. संकेत सबळ असेल तिथे उघडी तारही पुरते. ज्ञान्याला देऊळ लागत नाही ते याच अर्थाने. त्याने मात्र दूरच्या वस्तीवरच्या माणसाला अँटेना उतरवायला सांगू नये.