पोच मिळेपर्यंत

हौशी रेडिओ केंद्रे, म्हणजे परवाना घेऊन पण व्यापारी हेतूशिवाय चालवलेली बिनतारी केंद्रे, बोलण्याऐवजी मजकूर पाठवतात तेव्हा तो लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, बांधला जातो; प्रत्येक पॅकेटावर दोन्ही केंद्रांची संकेतनामे असतात आणि ते शाबूत पोहोचल्याची पोच आली नाही, तर ठरावीक वेळाने तेच पॅकेट पुन्हा पाठवले जाते. एएक्स.25 या नियमावलीचा, जिची दुसरी आवृत्ती 1984 मध्ये प्रसिद्ध झाली, हाच गाभा आहे. वारंवारता सर्वांची एकच असल्याने दोन पॅकेटे एकाच वेळी निघाली की बहुधा दोन्ही वाया जातात, आणि दोन्ही केंद्रे सारखाच वेळ थांबली तर टक्करही पुन्हा तशीच होते.

बोलण्याआधी कानोसा घ्यावा, हा उपाय सहज सुचणारा असला तरी तो भूगोलापुढे हात टेकतो. उदाहरणार्थ, बारामती आणि इंदापूर यांच्यातील सरळ अंतर सुमारे 48 किलोमीटर आहे. जमीन सपाट धरली आणि दोन्हीकडे अँटेना 10 मीटर उंचीवर असल्या, तर 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांचा परस्पर पल्ला 26 किलोमीटरच्या आसपास भरतो. मध्ये लासुर्ण्याच्या बाजूला 30 मीटर उंच मनोऱ्यावर पॅकेटे पुढे धाडणारे केंद्र ठेवले, तर त्याला दोघेही ऐकू येतील, पण ते दोघे एकमेकांना मुळीच ऐकणार नाहीत, आणि वाहिनी मोकळी आहे असे समजून दोघेही एकाच वेळी सुरू होतील. उपग्रहाच्या बाबतीत ही अडचण टोकाला जाते, कारण त्याला ऐकू येणारी केंद्रे एकमेकांपासून फार दूर असतात: पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’, जो 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही अग्निबाणाने कक्षेत गेला, हौशी केंद्रांचे संदेश पोहोचवण्यासाठीच होता.

जी केंद्रे एकमेकांना ऐकतात, त्यांच्यासाठी यदृच्छेचा आधार घेतला जातो. वाहिनी मोकळी होताच प्रत्येक केंद्र जणू फासा टाकते. प्रचलित मांडणीत पाठवण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, अन्यथा सेकंदाचा दहावा भाग थांबून पुन्हा फासा पडतो. दोन केंद्रे ताटकळत असतील तर पहिल्याच फेरीत टक्कर होण्याची शक्यता जेमतेम 6 टक्के असते, पण आठ असतील तर ती 63 टक्क्यांवर जाते, आणि शक्यता एक अष्टमांश केली की 26 टक्क्यांवर उतरते.

तरीही सर्वाधिक नुकसान होते ते उतावीळ घड्याळामुळे. सेकंदाला 1200 बिट या वेगाने 256 बाइटांचे पॅकेट जायला, प्रक्षेपक स्थिरावण्याचा वेळ धरून, दोन सेकंदांहून अधिक लागतात. मधल्या केंद्रामार्फत ते पुढे जाऊन पोच परत येईपर्यंत पाच-सहा सेकंद सहज जातात. घड्याळ तीन सेकंदांचे असेल तर व्यवस्थित पोहोचलेले पॅकेटही पुन्हा पाठवले जाते आणि वाहिनी आपल्याच पुनरुक्तीने तुंबते. शिवाय पोच आली तरी ती पहिल्या पॅकेटाची की दुसऱ्याची, हे कळत नाही. म्हणून हौशी रेडिओचालक फिल कार्न यांनी क्रेग पार्ट्रिज यांच्यासह 1987 मध्ये मांडले की पुन्हा पाठवलेल्या पॅकेटावरून वेळेचे माप घेऊच नये आणि प्रत्येक अपयशानंतर प्रतीक्षा वाढवावी. हा नियम पुढे इंटरनेटने स्वीकारला.

लपलेल्या केंद्रांचा प्रश्न मात्र उरतोच, आणि त्यावरचा उपाय कालव्याच्या पाणीवाटपासारखा आहे. नीरा डाव्या कालव्यावर शेतकरी नमुना 7 चा अर्ज भरतो, मंजुरी मिळते आणि शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, पाटकरी पाणी सोडतो. हवेत पाटकरी नाही. कार्न यांनी 1990 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत अर्ज आणि मंजुरी दोन्ही आहेत, मात्र मंजुरी घेणारे केंद्रच देते: पाठवणारा आपल्या मजकुराच्या लांबीसह छोटी विनंती धाडतो, घेणारा होकार देतो, आणि तो होकार ऐकणारी, पाठवणाऱ्यापासून लपलेली केंद्रेही तेवढा वेळ गप्प राहतात. वाय-फायमध्ये ही युक्ती आजही आहे. परंतु 1200 बिटांच्या संथ वाहिनीवर विनंती आणि होकार यांतच सेकंदभर खर्च होत असल्याने लहान संदेशांसाठी ती महाग पडते. तिथे फाशाची शक्यता उतरवणे आणि घड्याळ लांबवणे हेच अधिक फायद्याचे आहे.